गाण्याच्या तासाला तुम्ही काय काय भलतंच गायलंय?

गोदाकाठी:
परवा पोरीला शाळेत सोडायला गेलो तर राष्ट्रगीत चालू झालं, गेटवरच सावधानमध्ये उभा राहिलो आणि 'आशिष मागे' आलं तशी हसू दाबता दाबता वाट लागली. आमच्या तिसरी ब मध्ये खरंच एक आशिष होता, उंच म्हणून कायम शेवटच्या रांगेत, ती ओळ आली की अर्धा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघणार. शेवटी बाईंनी वैतागून त्याला सगळ्यात पुढे आणून उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी दोनतीन पोरांनी इमानदारीत 'आशिष पुढे' म्हटलं. 52 सेकंद न हलता उभं राहायचं असतं, बाईसुद्धा पदर तोंडाला लावून उभ्या. तुमचे किस्से टाका, नाशिकवाले आधी.

पंचवटीची_पोर:
आम्ही आशिषच्या आधीच गंडायचो, गंगेला! आमच्या घरात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणतच नाही, आजी गंगेवर गेली, बुधवारचा बाजार गंगेवर, त्यामुळे राष्ट्रगीतातली गंगा म्हणजे रामकुंडाचीच, चौथीपर्यंत मला शंकासुद्धा नव्हती. पुण्याच्या मावसभावाला चिडवायचे, तुमची मुठा आहे का रे त्यात? भूगोलाच्या तासाला खरं कळलं, त्याला अजून सांगितलं नाहीये.

सिडकोवाला:
ताई, राज्यगीतात आहे की गोदावरी, बिनधास्त चिडवा. ते अधिकृत झालं 2023 मध्ये पण आमच्या शाळेत कधीपासून म्हणायचे. नद्यांची नावं सुरू झाली की सगळे दम धरून बसायचे आणि आपली नदी आली की असा काही गलका, की त्याच्या पुढची ओळ मला आजही येत नाही.

पेटीवाली:
माझा किस्सा गाण्याचा नाही, सरगमचा. सरांची पेटी दोन पोरांनी ऑफिसातून उचलून आणायची (त्या मानासाठी मारामाऱ्या), भात्याला चिकटपट्टी, आणि गंधाराची, म्हणजे ग ची, पट्टी एकदा दाबली की वर यायचंच नाव घ्यायची नाही. एकदा भूप राग शिकवायला घेतला. भूपात म आणि नी लागत नाहीत, म्हणजे गाडी ग वरून थेट प वर. सर सा रे ग प एवढं गाऊन श्वास घ्यायला थांबले आणि अख्खा वर्ग चिडीचूप. सरांना वाटलं पोरं रंगली, आम्हाला वाटलं सर ओरडले, 'सारे गप'! भानगड कळल्यावर ते डोळे पुसेपर्यंत हसले आणि तेव्हापासून दंगा झाला की छडी नाही, पेटीवर फक्त चार सूर. त्यात तो ग अडकलेला, त्यामुळे सारे गऽऽऽऽप.

सिडकोवाला:
अरारारा. लाहोरला 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर नंतर येऊन राहिले ते आपल्या नाशकात, आणि त्याच नाशकात तुम्ही भूपाचं हे केलंत.

गोदाकाठी:
पेटीवाली, मी आत्ता ऑफिसात एकटाच हसतोय. आणि उतरताना काय व्हायचं? सा ध प ग रे सा?

पेटीवाली:
'गरे' आले की मागून कोणीतरी ओरडायचं, सर मला पण! तास मधल्या सुट्टीच्या आधीचा ना.