मदत हवी आहे: भोसरी-चाकण परिसरात कारखान्यातील उन्हाळी इंटर्नशिप

मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात असून, परीक्षेनंतर जूनच्या आरंभापासून सहा आठवड्यांची, प्रत्यक्ष कारखान्यातील इंटर्नशिप शोधत आहे. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) इंटर्नशिप पोर्टलवर आणि इंटर्नशाला या संकेतस्थळावर अर्ज केले; परंतु हाती आलेल्या संधी बहुतांशी घरून करावयाच्या, विक्री किंवा डिजिटल मार्केटिंगच्या होत्या, आणि काही ठिकाणी तर माझ्याकडूनच ‘प्रशिक्षण शुल्क’ मागण्यात आले, जे देण्याची माझी तयारी नाही. मोठ्या वाहन कंपन्यांना पाठवलेल्या ईमेलना उत्तर आलेले नाही.

राहण्याची सोय भोसरीत नातेवाइकांकडे आहे, त्यामुळे विद्यावेतन नसले तरी चालेल. मात्र श्रेयांकांसाठी कंपनीच्या लेटरहेडवरील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. महाविद्यालयाचे शिफारसपत्र तयार आहे. मला सॉलिडवर्क्स हे यंत्रभागांच्या आरेखनाचे सॉफ्टवेअर येते, तसेच लेथवर आणि व्हर्नियर, मायक्रोमीटरने काम केले आहे. (नॅट्सची, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेतील, अप्रेंटिसशिप मुख्यतः पदवी किंवा पदविकेनंतरची असल्याने ती सुचवू नये, ही विनंती.)

एमआयडीसीतील मशीनिंग किंवा प्रेस टूलचे काम करणाऱ्या लहान कारखान्यांत मनुष्यबळ विभाग बहुधा नसतोच; अशा ठिकाणी विद्यार्थ्याने नेमके कोणाला भेटावे, मालकांना की उत्पादन विभागाच्या प्रमुखांना, आणि आधी दूरध्वनी करावा की बायोडाटा घेऊन थेट गेटवर जावे?