गंभीर अपघातानंतर पांढऱ्या पेशी एवढ्या का वाढतात?

प्रश्न (नाशिक रोड):
परवा रात्री द्वारका चौकात दुचाकी घसरून माझ्या धाकट्या भावाच्या मांडीचे हाड मोडले. जखम उघडी नाही, तापही नाही, तरी पहिल्याच रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी १८,४०० आल्याने मी घाबरले आहे. हा जंतुसंसर्ग समजावा का?

उत्तर (पंचवटी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ):
ताई, प्रौढांमध्ये हा आकडा साधारणपणे ४,००० ते ११,००० असतो. मात्र मोठ्या इजेनंतर जंतुसंसर्ग नसतानाही तो काही तासांतच वाढू शकतो. एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहिलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळे सुटून प्रवाहात येतात आणि अस्थिमज्जेतला राखीव साठाही बाहेर पडतो. अशा रुग्णाच्या रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली, केंद्रक घोड्याच्या नालासारखे वाकलेल्या अपक्व पेशी अनेकदा दिसतात.

उत्तर (गंगापूर रोड, निवृत्त शरीरक्रियाशास्त्र शिक्षिका):
फुटलेल्या पेशींतून सांडलेला मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाचा) डीएनए जिवाणूंच्या डीएनएशी इतका मिळताजुळता असतो की शरीर त्याला शत्रूच मानून पांढऱ्या पेशी कामाला लावते, कारण मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणूच होते. मला ही गोष्ट आजही थक्क करते. याच काळात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र घटतात आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची जंतूंची ओळख पटवून देण्याची क्षमता मंदावते, म्हणून संसर्गाची खरी भीती पुढच्या दिवसांत असते. एका आकड्यावर न थांबता रोजचा कल पाहावा, आणि ताप आला, धाप लागली किंवा उतरलेला आकडा पुन्हा चढला तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

प्रश्नकर्ती:
आज आकडा १३,२०० आहे आणि श्वास नीट चालू आहे. दोघांचे मनापासून आभार.