पेल एल बिअर १.०२५ वर अडकलीय, मदत हवी आहे

घोडबंदर_पश्चिम: घरी अमेरिकन पेल एल लावलीय. २० लिटर, यीस्ट यूएस-०५, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कॅस्केड. सुरुवातीची घनता १.०५० (आंबताना साखर संपते तशी ही उतरते). आता १.०२५ वर थांबलीय, काही केल्या खाली जात नाही. बुडबुडेही बंद. शनिवारी पाहुणे आहेत, त्याआधी बाटल्या भरायच्यात. आणखी यीस्ट टाकू का? जाणकारांनी लवकर सांगावं.

कोपरखैरणेकर: तापमान किती? माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) की दाण्यापासून? मोजता कशाने?

नेरूळवासी: तापमानच असणार. यूएस-०५ ला १८ ते २६ अंश हवेत, आणि आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा वरच राहतं. मी भांडं पाण्याच्या टबात ठेवतो, गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलतो. वरून ओला पंचा, टोक पाण्यात. नाहीतर सरळ क्वाइक घ्या, नॉर्वेचं यीस्ट, ३५ अंशांतही छान चालतं.

कोपरखैरणेकर: अहो, उकाड्याने चव बिघडते, यीस्ट थांबत नाही. उलट भराभर संपवतं. आणि कॅस्केडचा तो पपनसासारखा वास स्वच्छ यीस्टवरच खुलतो. प्रत्येक धाग्यावर क्वाइक कशाला?

नेरूळवासी: आपल्या हवेत परवडतं म्हणून. सगळ्यांकडे जादा फ्रिज नसतो.

वाशीकर: महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सोसायटीत राहत असाल तर आधी हे बघा.

ऐरोली_सेक्टर: नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवलात का? तो राहिला तर बिअरला औषधाचा वास येतो.

घोडबंदर_पश्चिम: पाणी ठीक आहे, वास छान आहे. दाण्यापासूनच केलीय, खोली २८. रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर दाखवणारं यंत्र) मोजतो. यीस्ट टाकू की नको, तेवढं सांगा.

कोपरखैरणेकर: नको! ती अडकलेलीच नाही. अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर जास्त आकडा दाखवतो. आकड्यात ती दुरुस्ती केलीत तर तुमचे १.०२५ म्हणजे खरे १.०१० च्या आसपास. हायड्रोमीटरने (द्रवात तरंगणारा घनतामापक) मोजा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा तोच आला तरच भरा, नाहीतर बाटल्या फुटतील. शनिवारी पाहुण्यांना मात्र देता येणार नाही, बाटलीत गॅस धरायला दोनेक आठवडे लागतात.

घोडबंदर_पश्चिम: बरं. हायड्रोमीटर ठाण्यात आज कुठे मिळेल?

नेरूळवासी: शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. १.००० ते १.१०० पट्टीचा मागा, दुधाचा देतील तर घेऊ नका.