मदत हवी आहे : कल्पाची वर्षं आणि पृथ्वीचं वय

‘कल्प (ब्रह्मदेवाचा एक दिवस) ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वी ४५४ कोटींची, म्हणजे जमलंच’ हा दावा सगळीकडे फिरतो. पण ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे. पूजेच्या संकल्पात आपण म्हणतो तसं श्वेतवाराहकल्प, सातवं वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग धरलं, तर सरलेला काळ असा: सहा मन्वंतरं (प्रत्येकी ७१ महायुगं, एक महायुग ४३.२ लाख वर्षांचं), सात संधी (मन्वंतरांच्या सीमेवरचे काळ, प्रत्येकी १७.२८ लाख वर्षं), २७ महायुगं आणि चालू महायुगातली तीन युगं. बेरीज सुमारे १९७ कोटी. सर्वात जुन्या स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांच्या थरांपासून बनलेले खडक) जीवाश्मांचं वय मात्र ३५० कोटींच्या आसपास! संधी विसरल्या तर आणखी सव्वा कोटी वर्षं गळतात, ते वेगळंच.

मला वाटतं, हे आकडे मुळात ग्रहगणिताची सोय असावेत. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात एका महायुगात गुरूच्या ३,६४,२२० प्रदक्षिणा दिल्यात, भागाकार ११.८६ वर्षं येतो, आजच्या मापाशी जुळणारा. भगण (ग्रहाच्या प्रदक्षिणांची संख्या) पूर्णांकात बसवायला मोठा भाजक लागतोच.

तर जाणकारांनो, कल्पाकडे सृष्टीचं वय म्हणून न बघता गणिती एकक म्हणून बघणारी कुठली जुनी टीका (भाष्यग्रंथ) आहे का? श्लोक क्रमांक मिळाला तर उत्तम. ‘ब्रह्मदेवाचा दिवस प्रतीकात्मक आहे’ एवढंच उत्तर नको, प्लीज.