नवा फिफ्थ व्हील ट्रेलर घेण्यापूर्वी : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

ताई (डॅलस) :
सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी आम्ही दोघेही निवृत्त होत आहोत आणि त्यानंतर वर्षातले पाच-सहा महिने अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने सावकाश, मुक्काम करत पाहायची, असे ठरवले आहे. त्यासाठी नवा फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचा विचार पक्का होत आला आहे. काल एका विक्रेत्याकडे ३५ फूट लांबीचा, चार स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवून खोली रुंद करणारे भिंतीचे भाग) असलेला ट्रेलर पाहिला आणि तो आम्हाला फार आवडला. माहितीपत्रकात त्याचे भरलेले कमाल वजन १४,००० पौंड दिले आहे. आमचा २५०० वर्गाचा डिझेल पिकअप तो सहज ओढेल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. दादा, तू आणि वहिनी बरीच वर्षे असा ट्रेलर वापरत आहात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी तुमचे मत हवे आहे.

मामा (ठाणे) :
आम्हा इथल्या मंडळींना आधी एवढे सांगा, की घरासकट चालणारी मोटारहोम मिळत असताना ट्रेलर का घ्यायचा? आणि या ट्रेलरमध्ये नेमके वेगळे काय असते?

दादा (डेट्रॉइट) :
मामा, साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखाली असलेल्या गोळ्याला जोडतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग उंच असतो आणि तो पिकअपच्या हौद्यावर येतो. त्याच्या खालची किंगपिन नावाची जाड पोलादी खुंटी हौद्यात बसवलेल्या हिच नावाच्या जोडणीत अडकते. त्यामुळे भार ट्रकच्या मागच्या चाकांच्या बरोबर वर पडतो आणि वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकमुळे ट्रेलर डोलण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. मुक्कामाला पोहोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि ट्रक हिंडायला मोकळा राहतो, हा मोटारहोमच्या तुलनेतला मोठा फायदा. शिवाय ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसल्यामुळे एक मोठी देखभाल वाचते.

ताई, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो आणि थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते संपूर्ण खरेदी याच एका गोष्टीवर उभी आहे. "ट्रक ओढेल का" हा प्रश्न अपुरा आहे. ओढण्याची ताकद आजच्या डिझेल इंजिनांत भरपूर असते. खरा प्रश्न आहे तो ट्रक पाठीवर किती वजन पेलू शकतो, याचा. फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के वजन किंगपिनमधून थेट ट्रकवर येते, आणि हिशेब करताना किमान २० टक्के धरणे शहाणपणाचे. म्हणजे १४,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर २,८०० पौंड ट्रकवर आले. त्यात हिचचे दीडशे, तुम्हा दोघांचे सव्वातीनशे आणि हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन वगैरेंचे आणखी दीडशे धरले, की बेरीज ३,४०० पौंडांच्या वर जाते. आता तुमच्या ट्रकच्या चालकाच्या बाजूचे दार उघडून तिथल्या खांबावरचे पिवळे-पांढरे स्टिकर वाचा. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये, असे एक वाक्य त्यावर असते. २५०० वर्गाच्या डिझेल ट्रकवर तो आकडा बऱ्याचदा २,००० ते २,५०० च्या दरम्यान असतो. या वर्गातल्या बहुतेक ट्रकचे एकूण मान्य वजन १०,००० पौंडांच्या आसपास ठेवलेले असते आणि डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड असल्याने सामानाच्या वाट्याला कमी उरते. विक्रेता माहितीपत्रकातला "हिच वेट"चा आकडा दाखवेल, पण तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, आणि रिकामा ट्रेलर घेऊन कोणीही प्रवासाला निघत नाही.

भाऊजी (डॅलस) :
दादा, आत्ताच खाली जाऊन स्टिकर वाचून आलो. आमच्या ट्रकचा आकडा २,३१० पौंड आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने आम्ही अकराशे पौंडांनी जास्त भरतो. मागच्या स्प्रिंगांना मदत म्हणून हवेच्या पिशव्या बसवल्या तर ही तूट भरून निघेल, असे विक्रेत्याने सुचवले आहे.

दादा (डेट्रॉइट) :
भाऊजी, हवेच्या पिशव्यांनी ट्रकचा मागचा भाग पुन्हा सपाट दिसू लागतो, पण ॲक्सल, चाके, टायर आणि ब्रेक यांची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. तुमच्यापुढे दोनच सरळ मार्ग आहेत. ट्रक जास्त वजन पेलणाऱ्या ३५०० वर्गाचा घ्यायचा, किंवा ट्रेलर हलका निवडायचा. माझा आग्रह असा, की ट्रक आणि ट्रेलर ही एकच खरेदी समजा आणि आधी वजने जुळवून घ्या, कारण रॉकी पर्वतातल्या लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो तेव्हा घरात किती खुर्च्या आहेत याला काही अर्थ उरत नाही.

ट्रेलरचीही अशीच वजाबाकी करा. कमाल मान्य वजनातून कारखान्यातून निघतानाचे वजन वजा केले, की सामानासाठी किती उरते ते कळते. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते. ७५ गॅलनची टाकी भरली की सव्वासहाशे पौंड तिथेच गेले. सामानासाठी एकूण २,००० पौंडच उरत असतील, तर पाच-सहा महिन्यांच्या संसाराला ते कमी पडतात. हे आकडे माहितीपत्रकातून घेऊ नका. प्रत्येक ट्रेलरवर त्याच ट्रेलरचे स्टिकर लावलेले असते, त्यावरून घ्या, कारण नंतर बसवलेले दुसरे एसी किंवा जनरेटर माहितीपत्रकात धरलेले नसतात. खरेदीनंतर सामान भरून एकदा महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील वजनकाट्यावर ट्रक आणि ट्रेलर दोन्ही तोलून घ्या. खर्च किरकोळ असतो.

छोटू (सॅन होजे) :
आत्या, काका, परवान्याचाही विचार आत्ताच करावा, असे मला वाटते. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांचे मिळून मान्य वजन २६,००० पौंडांच्या वर गेले आणि ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असला, तर खासगी वापरासाठीही क्लास ए, म्हणजे जड जोडवाहनांचा परवाना लागतो. ३५०० वर्गाच्या काही ट्रकचे स्वतःचे मान्य वजन १२,००० पौंडांच्या पुढे असते, त्यामुळे १४,००० चा ट्रेलर जोडला की तुम्ही त्या रेषेवरच येता. इकडे कॅलिफोर्नियात आलात, तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कमाल वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, हेही लक्षात असू द्या.

ताई (डॅलस) :
परवान्याचे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. छोटू, फार उपयोगी माहिती दिलीस. आता लांबीबद्दल विचारते. ३५ फूट म्हणजे फार होतात का? आम्हाला राष्ट्रीय उद्यानांच्या आतच मुक्काम करायची इच्छा आहे.

दादा (डेट्रॉइट) :
तीच इच्छा असेल, तर लांबी कमी करायलाच हवी. उद्यानांच्या आतली बरीच मुक्कामस्थळे फार पूर्वी, छोट्या गाड्यांच्या काळात आखलेली आहेत. योसेमिटी उद्यानातल्या अप्पर पाइन्स या मुक्कामस्थळी ट्रेलरसाठी मर्यादा २४ फुटांची आहे. झायनमधला १९३० साली पूर्ण झालेला बोगदा पाहा : ठरावीक मर्यादेपेक्षा उंच वाहनाला तिथून जाता येत नाही, आणि ट्रक व ट्रेलर मिळून लांबी मर्यादेबाहेर असली तरीही नाही. मोठे फिफ्थ व्हील उंचीला सहज १३ फुटांच्या आसपास जातात, म्हणून छतावरच्या एसीसकट उंची स्वतः मोजून ती ट्रकमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवावी. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहनांना मनाई आहे. तिथे ट्रेलर खाली सोडूनच जावे लागते, पण चार दारांचा, आठ फुटी हौद्याचा नुसता ट्रकदेखील बहुतेकदा ती लांबीची मर्यादा ओलांडतो. मॉडेलच्या नावातला आकडा लांबी समजू नका. ३० लिहिलेला ट्रेलर टोकापासून टोकापर्यंत ३४ फूट भरू शकतो. मी तुमच्या जागी असतो, तर प्रत्यक्ष लांबी ३० फुटांच्या आत ठेवली असती. त्यानेही सगळी उद्याने खुली होत नाहीत, पण पर्याय बरेच वाढतात, आणि वजनाचा प्रश्नही त्याच निर्णयाने निम्मा सुटतो.

भाऊजी, तुमच्या ट्रकचा हौदा साडेसहा फुटी आहे ना? मग काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेला लागू शकतो. काही ट्रेलरांचे नाक आत घेतलेले असते, नाहीतर मागे सरकणारे हिच घ्यावे लागते, आणि ते जड असते. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा खालचा भाग यांच्यात पाच-सहा इंच अंतर राहून ट्रेलर सपाट उभा राहतो का, हे विक्रेत्याच्या आवारात स्वतः जोडून पाहा.

वहिनी (डेट्रॉइट) :
ताई, वजनाचे काम यांच्यावर सोपवून मी घराच्या आतल्या गोष्टी लिहिते. आधी सगळे स्लाइड-आउट आत घ्यायला सांगा आणि मग दार उघडून आत जा. रस्त्यात जेवणासाठी थांबल्यावर फ्रीजपर्यंत आणि संडासापर्यंत पोहोचता येते का? अनेक सुंदर आराखड्यांत येत नाही, आणि मग दर थांब्यावर भिंत बाहेर काढावी लागते. झोपायची खोली वरच्या पायरीवर असते; भाऊजींचे गुडघे लक्षात घेता रात्री पायऱ्या न उतरता संडासात जाता येईल असाच आराखडा बघा. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी चालता येते का आणि वर सरळ उभे राहता येते का, हे पायातले बूट काढून, थोडा वेळ तिथे राहून पाहा.

स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो का, की जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो, हे विचारा. आपल्या फोडणीला बाहेर टाकणाराच हवा, आणि शेगडीजवळ उघडणारी खिडकीही हवी. भांडी घासायला आपल्याला पाणी जास्त लागते, म्हणून ओट्याच्या सांडपाण्याची टाकी वेगळी आणि मोठी असलेली बरी. फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज लवकर थंड होतो, पण विजेच्या जोडणीशिवाय राहायचे असेल तर मोठी बॅटरी आणि सौर पॅनेल मागतो. गॅसवर चालणारा बॅटरी फारशी खात नाही, मात्र थंड व्हायला कित्येक तास घेतो आणि बऱ्यापैकी सपाट उभा असावा लागतो.

छोटू (सॅन होजे) :
विजेबद्दल एक भर घालतो. ३० अँपियरच्या जोडणीतून ३,६०० वॉट मिळतात, तर ५० अँपियरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्यामुळे १२,००० वॉट. टेक्सासच्या उन्हाळ्यात दोन एसी लागणार असतील, तर ५० अँपियरचाच घ्या.

मामा (ठाणे) :
जावईबापू, किमतीबद्दल कोणीच बोलले नाही. दोन-तीन वर्षे वापरलेला का घेऊ नये?

दादा (डेट्रॉइट) :
मामा, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. नव्या ट्रेलरची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वांत वेगाने उतरते, आणि तोवर पहिल्या मालकाने सुरुवातीचे दोषही दुरुस्त करून घेतलेले असतात. त्यामुळे वापरलेलेही जरूर पाहावेत. तरी नवाच घ्यायचा असेल, तर वॉरंटीचा कागद घरी आणून शांतपणे वाचावा. मूळ वॉरंटी सहसा एक वर्षाची असते, आणि ट्रेलरमध्ये कायम राहणाऱ्यांना ती लागू नाही, अशी अट बऱ्याच कागदांत असते. सहा महिन्यांचा वापर त्यात कसा मोजला जाईल, हे लेखी विचारून घ्या. दुसरी अडचण अशी, की कित्येक विक्रेते दुसरीकडून घेतलेल्या ट्रेलरच्या वॉरंटीचे काम उशिरा घेतात किंवा घेतच नाहीत. म्हणून दूरच्या राज्यात थोडा स्वस्त मिळतो म्हणून तिथून आणण्यापेक्षा घराजवळचा, दुरुस्तीची मोठी शेड असलेला विक्रेता मला जास्त मोलाचा वाटतो.

उत्तर अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात, आणि वेगवेगळ्या नावांखाली मालक थोडेच आहेत : कीस्टोन आणि जेको थॉर कंपनीचे, ग्रँड डिझाइन विनेबागोचे. सांगाडे, ॲक्सल, खिडक्याही अनेकदा त्याच पुरवठादारांकडून येतात. नावापेक्षा तुमच्यासमोर उभा असलेला एक विशिष्ट ट्रेलर कसा जोडला आहे, हे महत्त्वाचे. छतावर चढून सांध्यांवरचे सीलंट सलग आहे का, ते पाहा. टायरवरच्या चार आकडी कोडमध्ये आठवडा आणि वर्ष असते. आवारात पडून राहिलेल्या नव्या ट्रेलरचेही टायर जुने असू शकतात.

पूर्ण रक्कम देण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीस नेमा. राष्ट्रीय आरव्ही (मोटारहोम आणि राहण्याचे ट्रेलर) तपासनीस संघटनेचे प्रमाणपत्र असलेले लोक सर्वत्र मिळतात. ते नसतील तर निम्मा दिवस काढून सगळे स्वतः चालवा : नळ, गरम पाणी, दोन्ही एसी, घर गरम ठेवणारी भट्टी, प्रत्येक स्लाइड-आउट दोनदा, प्रत्येक प्लग. तिथेच एक रात्र झोपू देतात का, हेही विचारा. जे दोष सापडतील त्यांची यादी विक्रेत्याच्या सहीने घ्या आणि दुरुस्ती झाल्यावरच उरलेले पैसे द्या.

ताई (डॅलस) :
आमच्या वसाहतीच्या नियमांत घरासमोर ट्रेलर ठेवायला मनाई आहे, हेही आज तपासले. वसंतात इथे मोठ्या गारा पडतात, त्यामुळे छताखालची भाड्याची जागा बघावी लागेल, आणि तिच्या दाराची उंची विचारावी लागेल. तो महिन्याचा खर्च आम्ही धरलाच नव्हता.

भाऊजी (डॅलस) :
३५ फुटी ट्रेलरचा विचार आम्ही थांबवत आहोत. विक्रेत्याने मात्र आजच अनामत भरली तर ही किंमत, अशी अट घातली आहे.

दादा (डेट्रॉइट) :
भाऊजी, अनामत भरू नका. छापील किमतीवर मोठी सूट मिळणे या व्यवसायात नेहमीचे आहे; शरद ऋतूत, पुढच्या वर्षाची मॉडेले आली की ती पुन्हा मिळते. कुठेही अनामत द्याल तेव्हा ती परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्या, आणि मूळ किंमत, तयारीचे शुल्क, कागदपत्रांचे शुल्क व वाढीव वॉरंटी हे सगळे वेगवेगळे मांडलेले पत्रक मागा. ट्रकच्या स्टिकरचा फोटो इथे टाका. २,३१० पौंडांत तुम्ही दोघे, हिच आणि हत्यारांची पेटी वगैरे बसवून किंगपिनसाठी सतराशेच्या आसपास उरतात, म्हणजे भरलेला ट्रेलर साडेआठ हजार पौंडांच्या आत हवा. तेवढ्या वजनात तुमच्या गरजा बसतात का, की ट्रक बदलावा लागेल, हे ठरवायला रविवारी आपण फोनवर एकत्र बसू.