कोंबडखतातनं औषधं जमिनीत उतरतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सिन्नर तालुक्यात आमची अडीच एकर काळी जमीन आहे, मेथी-कोथिंबीर करतो. चार वर्षं झाली, जवळच्या ब्रॉयलर शेडवरनं कोंबडखत उचलतोय, शेणखत आता मिळतंय कुठं. परवा ट्रॉली भरताना तुसात दोन रिकाम्या बाटल्या निघाल्या, एकीवर एन्रोफ्लॉक्सासिन आणि दुसरीवर ऑक्सिटेट्रासायक्लिन, दोन्ही अँटिबायोटिक. शेडवाल्याला विचारलं तर म्हणे "अहो पिल्लं घरघरायला लागली की पाण्यातनं देतोच की". मग रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि झोपच उडाली, टेट्रासायक्लिन म्हणे कोंबडीच्या विष्ठेतनं बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं आणि चिकणमातीला धरून बसतं, आमची तर निव्वळ चिकण.

माती तपासायला गेलो तर रिपोर्टमधी सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश एवढंच, अँटिबायोटिक इथं होत नाही म्हणाले. मग होतं कुठं? आणि बांधावर ट्रॉली खाली झालीय ती टाकू का नको? मेथी घरात पण खातो, लहान पोरगी आहे.

प्रतिसाद:
दादा, कच्चं टाकू नका, पालेभाजीला तर नाहीच. पाचट, शेण मिसळून ढीग लावा, आतनं ५५-६० अंश तापला पाहिजे, आठवड्याला पलटी मारा, दोन महिने तरी. टेट्रासायक्लिन त्यात बरंच तुटतं. एन्रो चिवट, आणि त्याचंच पुढं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे डॉक्टर आपल्याला देतात तीच गोळी. भाजीत उतरतं ते थोडं, मला जास्त भीती मातीतले जंतू औषधाला निर्ढावतात त्याची. शेडवाल्याला कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं पण विचारा, २०१९ पासून जनावरांना द्यायला बंदी आहे. तपासणीला एलसी-एमएस-एमएस मशीन लागतं, म्हणजे औषधाचा अगदी बारीक अंश मोजणारं, द्राक्षाचे रेसिड्यू (राहिलेल्या कीटकनाशकाचे अंश) काढतात त्या लॅबला फोन करा, पण ही दोन औषधं मातीत काढता का हे आधी विचारा, नाहीतर कीटकनाशकाचा रिपोर्ट हातात येईल आणि पैसे गेले.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ, ढीग लावला. पण तापला कसं कळणार, थर्मामीटर नाही.

प्रतिसाद:
लोखंडी गज मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. धरवत नसेल तर बरोबर.

धागाकर्ता:
आज पाचवा दिवस, गज कोमटच निघाला. मुठीत दाबलं तर भुगा होतोय, पाणी कमी पडलं का?