मदत हवी आहे: बक्षीस सुरू केलं आणि पाळी बदलतानाचं बोलणंच बंद झालं

मंडळी, भोसरी एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. 6 सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कातायची मशीन), 3 पाळ्या, 18 ऑपरेटर. महिन्यात ज्याचे जॉब (मशीनवर बनवलेले भाग) सगळ्यात कमी रिजेक्ट होतील त्याला 1,500 रुपये द्यायचे, हे जानेवारीत मालकांना मीच सुचवलं. आता मीच तोंडघशी पडलोय.

आधी जाणारा येणाऱ्याला सांगायचा, "इन्सर्ट संपत आलाय, साईज 10 मायक्रॉन वाढतेय, बघ." (इन्सर्ट म्हणजे लेथवरचं धातू कापणारं टोक, झिजलं की बदलायचं.) आता कोणी तोंड उघडत नाही. पुढच्याचे पहिले चार जॉब बाद झाले तर याचं भलंच!

कामाच्या प्रेरणेवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग वाचला. पगार कमी पडला तर माणूस कुरकुरतो, पण पुरेसा मिळाला म्हणून कामात जीव ओततो असं नाही, म्हणे. मग बक्षीस बंद करू? दिलेलं काढून घेतलं तर वेगळीच बोंब.

प्रतिसाद 1
हर्झबर्गचं 1959चं म्हणणं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटांच्या मुलाखतींवर उभं आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर त्यात नाही. तडक निर्णय नको. बक्षीस आजवर कोणाला मिळालं?

धागाकर्ता
5 महिन्यांत 4 वेळा नव्या मशीनवाल्यांना. जुन्या दोन मशीनवर एकदाही नाही. स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, ढिला झालाय, साईज धरतच नाही.

प्रतिसाद 1
अहो, मग हे आधी सांगायचं ना! व्रूम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1964मध्ये तीन गोष्टींचा गुणाकार मांडला: मेहनतीने काम जमेल ही खात्री, जमलं तर मोबदला मिळेल ही खात्री, आणि त्या मोबदल्याचं आपल्याला वाटणारं मोल. एक शून्य, की सगळं शून्य. जुन्या मशीनवाल्याची पहिलीच खात्री गेलीय. शिवाय अ‍ॅडम्स हा दुसरा मानसशास्त्रज्ञ म्हणतो तसं, माणूस आपली मेहनत आणि मोबदला शेजाऱ्याशी ताडून बघतो. 1,500 हुकले यापेक्षा ते शेजारच्याला का मिळाले, हे जास्त सलतं.

प्रतिसाद 2
चाकणला असताना आम्ही बक्षीस एकट्याला न देता एका मशीनवरच्या तिन्ही पाळ्यांना मिळून ठेवलं होतं. तुलना दुसऱ्या मशीनशी नाही, त्याच मशीनच्या मागच्या तीन महिन्यांशी. इन्सर्टचं सांगायला लागले लोक, कारण गप्प बसलं तर स्वतःचेच पैसे बुडायचे. खोट एकच: तिघांत एखादा कामचुकार निघाला की बाकीचे दोघे त्याच्यावर दात खाऊन असतात.

धागाकर्ता
हे पटतंय. फक्त 1,500 तिघांत वाटले तर हातात 500च येतात, रक्कम वाढवायला मालक तयार होतील का बघतो. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी चहाच्या वेळी ऑपरेटरांनाच विचारतो. स्पिंडलच्या खर्चाचं बोलायला मात्र आकडे लागतील. रिजेक्शन माणसाच्या नावावर न लिहिता मशीनच्या नावावर लिहायचा साधा तक्ता कोणाकडे असेल तर इथे टाका.